धोट्याचा पेन, चिंचेचा पेन आणि वाचकांचे इतर प्रश्न

लेथवर, म्हणजे लाकूड किंवा धातू फिरवत ठेवून कातायच्या यंत्रावर, पेन कसा करतात हे मागच्या अंकात थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं चकाकीबद्दल आहेत. पॉलिश कोणतं, कागद किती नंबरचा, आरशासारखी झळाळी कशी येते. मी मात्र उत्तरं बहुतेक भोकाबद्दल दिली आहेत. पेन म्हणजे शेवटी मधून भोक पाडलेली कांब. भोक तिरकं गेलं, तापून पडलं किंवा ओल्या लाकडात पडलं, तर वरची झळाळी सहा महिनेही टिकत नाही. अक्कलकोट रोडला माझ्या वडिलांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं वर्कशॉप होतं आणि त्याच लेथवर मी आज पेन करते. म्हणून माझे शब्द सुतारापेक्षा लेथवर धातू कातणाऱ्या टर्नरचे वाटतील.

ताई, आमच्या घरी आजोबांच्या मागावरचे काही जुने धोटे (आडवं सूत इकडून तिकडे नेणारे लाकडी ठोकळे) आहेत. माग विकले, शेड भाड्याने दिली. या धोट्यांचे पेन करून भावंडांना द्यावेत असं मनात आहे. लाकूड टिकेल का? पॉलिश करायला घरात कॉटन वेस्ट भरपूर आहे.
*(एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)*

लाकूड टिकेल. धोट्याइतकं कसाला लागलेलं लाकूड वखारीत मिळायचं नाही. वर्षानुवर्षं मार खाऊन, तेल पिऊन, वाळून ते आता हलायचं थांबलेलं असतं आणि पेनला तेच हवं. पण कापण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. धोट्याची जी गुळगुळीत, काळसर झालेली बाजू बघून तुम्हाला आजोबांचा हात आठवतो, ती पेनमध्ये येणार नाही. गोल कातताना ती पहिल्यांदा जाते आणि आतलं कोरं लाकूड वर येतं. म्हणून सगळे धोटे कापू नका. निदान एक तरी आहे तसा ठेवा. त्याच्या मधल्या खाचेत, जिथे सुताची कांडी बसायची, तिथे तयार झालेले पेन छान बसतात.

आता कापायचं कुठे? मधला भाग कांडीसाठी पोकळ असतो आणि बाजूच्या भिंती पातळ, त्यातून पेन निघत नाही. दोन्ही टोकांना पोलादी टोपणं असतात. ती काढून त्यांच्या मागे जो भरीव भाग उरतो तो आपला. सगळ्यात साधा बॉलपेन दोन तुकड्यांत होतो आणि प्रत्येक तुकडा साधारण ५५ मिमी लांब लागतो, त्यामुळे एका धोट्यातून एक पेन निघायला हरकत नाही. करवत लावण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा. टोपणाचा दांडा लाकडात आत गेलेला असतो, कांडी धरणारी खीळ असते, कधी दुरुस्तीत मारलेला बारीक खिळा असतो. फिरत्या जॉबवर, म्हणजे लेथवर लावलेल्या तुकड्यावर, पटाशी त्या लोखंडाला लागली तर धार जातेच, पटाशीही हातातून उडते.

पुढचा प्रश्न, धोटा अखंड लाकडाचा आहे की दाबलेल्या थरांचा. यंत्रमागाचे बरेच धोटे पातळ थर राळेत भिजवून दाबून केलेले असतात. कापलेला छोटा तुकडा पाण्यात टाकून बघा. तळाला गेला आणि कडेला बारीक समांतर रेघा दिसल्या, तर तो थरांचा. त्याचाही पेन उत्तम होतो, नक्षी तर अधिक सुंदर येते. फक्त साधी पटाशी त्यावर लगेच बोथट होते, कार्बाइडची टूल घ्या. त्याच्या भुशाला राळेचा उग्र वास येतो, मास्क लावल्याशिवाय हात लावू नका.

दोन्ही तुकड्यांवर पेन्सिलीने बाण काढून ठेवा, म्हणजे लाकडाच्या रेषा जोडावर एकमेकींना मिळतील. ७ मिमीचं भोक लेथवरच पाडा, हातड्रिलने नको. भोकात बसवायची पितळी नळी आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा, मग चिकटवा.

आणि आता कॉटन वेस्ट. हे वाचून मला तुम्हाला ताबडतोब लिहावंसं वाटलं. लाकडी पेनला झळाळी देण्यासाठी हल्ली सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद, पातळ थरांनी चढवतात. हा गोंद सुती धाग्यावर सांडला की तिथल्या तिथे इतका तापतो की धूर निघतो, बोट भाजतं, पेटही घेऊ शकतो. सोलापुरात प्रत्येक घरात टॉवेलचे तुकडे, सुताचे गुंते हाताशी असतात, म्हणून आपल्याला हा धोका जास्त. गोंद टिश्यू पेपरच्या घडीनेच लावा, खिडकी उघडी ठेवा. दुसरं, फिरत्या लेथला कापड किंवा सूत कधीच लावायचं नाही. कागद अडकला तर फाटतो, सूत अडकलं तर बोट आत ओढतं. मागावर वाढलेल्या माणसाला हे अधिक सांगायला नको. गोंद नको असेल तर अळशीचं तेल लावा, धोट्याच्या लाकडाला ते शोभतंही. पण तेलाने भिजलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तोही आपोआप तापून पेट घेतो. उलगडून बाहेर वाळवा आणि मगच फेका.

शेतातल्या चिंचेची फांदी पडली होती. तिच्या लाकडाचा पेन केला. दिवाळीत सुंदर दिसत होता. एप्रिलमध्ये उभी चीर गेली. चिंचेचं लाकूड पेनला चालत नाही का?
*(एक वाचक, बार्शी)*

चालतं, आणि उत्तम चालतं. बाहेरचं फिकट पिवळं लाकूड आणि आतला जांभळट काळा गाभा एकाच पेनमध्ये आणता आला तर विकतच्या कुठल्याच लाकडाला ते रूप नाही. दोष चिंचेचा नाही, वाळवण्याचा आहे.

लाकूड वाळताना आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. पेनच्या आत पितळी नळी असते आणि ती आकसत नाही. बाहेरचं लाकूड तिच्यावर आवळत जातं, आणि जिथे भिंत सगळ्यात पातळ तिथे फाटतं. पावसाळ्यात पडलेली फांदी दिवाळीपर्यंत वरून कोरडी दिसते, पण आत ओल असते. मग आपला उन्हाळा येतो. बार्शी काय, सोलापूर काय, दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि हवेत ओलाव्याचा पत्ता नाही. ती उरलेली ओल एप्रिल-मे खेचून काढतात.

पुढच्या वेळी असं करा. फांदी पडल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण लावा, कारण ओल टोकातून झपाट्याने जाते आणि तिथूनच चिरा सुरू होतात. फांदीचा मध्य वगळून २० मिमी चौरस कांड्या पाडा. त्या सावलीत, हवेशीर जागी, एकमेकींत फट ठेवून रचा. गच्चीवर नको, पत्र्याखाली तर नकोच. प्रत्येक कांडीवर तारीख आणि वजन लिहा. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा बाजारात स्वस्त मिळतो. दर पंधरवड्याला वजन करा. सलग काही वेळा आकडा तोच आला की लाकूड तुमच्या घरच्या हवेशी जमलं. घाई नको. फांदीच्या जाडीनुसार हे महिन्यांचं काम आहे.

माझी आणखी एक पद्धत सांगते. भोक पाडल्यावर नळी त्याच दिवशी चिकटवत नाही. भोक पडलं की आतल्या बाजूलाही हवा लागते आणि राहिलेली ओल तिथून निघते. आठवडाभर तसंच ठेवून पुन्हा तेच ड्रिल फिरवते, आणि मग नळी बसवते. गोंदही झटपट चिकटणारा न घेता दोन ट्यूबमधला, मिसळून लावायचा इपॉक्सी घ्या. तो किंचित लवचिक राहतो आणि नळी व लाकूड यांतली ओढाताण थोडी सोसतो.

चिरलेला पेन टाकू नका. चिरेत चिंचेचाच बारीक भुसा दाबून वरून पातळ गोंद सोडा, वाळल्यावर घासा. काळी रेघ राहील, पण पेन वर्षानुवर्षं चालेल. आणि कोकणातून किंवा महाबळेश्वराकडून कोणी लाकूड आणून दिलं, तर कितीही जुनं म्हणोत, आपल्याकडे एक उन्हाळा काढल्याशिवाय लेथवर चढवू नका. चंदन किंवा रक्तचंदन कोणी स्वस्तात देऊ केलं तर सरळ नाही म्हणा. परवान्याचा कागद नसेल तर ते लाकूड घरात ठेवणंही अडचणीचं.

मी डिप्लोमाला आहे. मामांकडे धातूकामाचा छोटा लेथ आहे. त्यावर लाकडी पेन होईल का, की सुतारी लेथ घ्यावाच लागेल?
*(एक विद्यार्थी, जुळे सोलापूर)*

घेऊ नकोस. मामांच्या लेथवर सुरुवात कर. धातूच्या लेथचा टेलस्टॉक, म्हणजे ड्रिल धरणारा मागचा भाग, जॉब धरून फिरवणाऱ्या चकाच्या मध्याशी अचूक जुळवलेला असतो, त्यामुळे भोक सरळ पडतं, आणि भोक सरळ पडलं की अर्धं काम झालं. सुतारी लेथवर टूल हातात धरून आकार काढण्याची मजा वेगळी आहे, ती पुढे शीक.

दोन गोष्टी सांभाळ. लाकडाचा भुसा बेडवरच्या, म्हणजे लेथच्या खालच्या पोलादी पाटावरच्या, तेलात बसतो, ओल धरतो आणि गंज चढवतो. काम सुरू करण्याआधी बेडवर जुनं वर्तमानपत्र टाक, संपल्यावर ब्रशने झाडून ताजं तेल लाव. मामा पुन्हा लेथ देतील. दुसरं म्हणजे वेग. पेनच्या बारीक जॉबला लाकडासाठी मिनिटाला २००० च्या पुढे फेरे चालतात, पण भोक पाडताना त्याच्या निम्म्याहून खूप खाली ये.

हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही. पूर्ण बाही, गळ्यातला धागा, मनगटातला गंडा, सगळं काढून ठेवायचं. मी साडी नेसत असले तर पदर खोचून वर ॲप्रन बांधते, बांगड्या काढते, आणि वर्कशॉपमध्ये येणाऱ्या मुलींना ओढणी बाहेर खुंटीला लावायला लावते. गॉगल तर हवाच. तुझ्या मैत्रिणींनाही घेऊन येऊ का, असं विचार मामांना, पण या नियमावर.

ॲक्रिलिकच्या कांडीत भोक पाडताना आतून धुरकट पांढरं होतं, आणि शेवटी टोकाचा टवका उडतो. दोन महाग कांड्या गेल्या.
*(एक वाचक, पंढरपूर)*

दोन्हीचं कारण उष्णता आणि घाई. ॲक्रिलिक साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. ड्रिलच्या टोकाशी ते तापमान काही सेकंदांत गाठलं जातं. मग ते कापलं न जाता वितळतं, कीस ड्रिलच्या खाचेत चिकटतो, त्याने आणखी तापतं. आणि गार झाल्यावर भोक आवळतं, म्हणून नळी आत जात नाही. मग लोक ती ठोकून बसवतात आणि कांडी तडकते.

वेग ५०० फेऱ्यांच्या आत ठेवा. ड्रिल नवं किंवा नीट धार लावलेलं. चार-पाच मिलिमीटर आत गेलात की पूर्ण बाहेर काढा, कीस झाडा, साबणाच्या पाण्याचे थेंब सोडा, मग पुन्हा आत. आधी ५ मिमीचं भोक, नंतर ७ चं. कानाने ऐका: कापताना बारीक सळसळ येते, वितळताना आवाज दबतो. टवक्याचं औषध सोपं आहे. कांडी हवी त्यापेक्षा सेंटीमीटरभर लांब घ्या, ड्रिल पलीकडून बाहेर काढूच नका, मापाला पोचलं की थांबा आणि उरलेलं बंद टोक करवतीने कापा.

रंग फिका किंवा पारदर्शक असेल तर आतली पितळी नळी दिसते. म्हणून भोकाच्या आत आणि नळीवर, दोन्हीकडे, कांडीच्या रंगाचा पातळ रंग द्या आणि रात्रभर वाळू द्या. हे कोणी आधी सांगत नाही.

घासताना पाणी वापरा, आणि प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने चार हात फिरवा, नाहीतर उजेडात गोल ओरखडे दिसतात. पॉलिश झाल्यावर सॅनिटायझरने किंवा स्पिरिटने पुसू नका. ॲक्रिलिकवर बारीक जाळी उमटते आणि ती जात नाही. ओलं मऊ कापड पुरे.

रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालो. पितळी गजातून अखंड पेन काढला. देखणा आहे, पण पानभर लिहिलं की हात दुखतो. शिवाय हाताला वास येतो, काळा पडतो.
*(एक वाचक, कुर्डुवाडी)*

काका, हाताची सफाई तुम्हाला मी काय सांगणार! फक्त वजनाचं गणित मांडते. पेन १३० मिमी लांब, बाहेरून १२ मिमी, आतून ६ मिमी धरला, तर पितळेत तो ९४ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याच मापाचा ॲल्युमिनिअमचा ३० ग्रॅम. नेहमीचा प्लॅस्टिकचा पेन दहा ग्रॅमच्याही आत असतो. हात दुखणारच.

रिफिलला आधार फक्त पुढच्या बाजूला लागतो. पुढचे ४० मिमी आहेत तसे ठेवा आणि मागचे ९० मिमी बोअरिंग करून ९ मिमीपर्यंत उघडा. भिंत दीड मिलिमीटर राहते, ती पितळेला भरपूर आहे. वजन ६७ ग्रॅमवर येतं. त्याहून महत्त्वाचं, उरलेला भार पुढे, बोटांजवळ येतो. मागे जड असलेला पेन सारखा मागे ओढतो आणि त्याला सावरण्यातच बोटं थकतात. तरी जड वाटला तर पुढचा भाग पितळेचा आणि मागचं नळकांडं बाभळीचं करा. तुमच्या भागात बैलगाडीच्या कामाचं जुनं बाभळीचं लाकूड अजून मिळतं. तांबूस गाभा पितळेशेजारी फार खुलतो.

पितळेत ड्रिल घुसून ओढलं जातं हे तुम्ही अनुभवलं असेलच. त्याच्या कापणाऱ्या कडेवर दगड फिरवून ती किंचित बोथट, सपाट करा, मग ते शांतपणे कापतं.

वास हाताच्या घामामुळे येतो. बोटं जिथे टेकतात तेवढ्या भागावर लॅकरचा पातळ थर द्या. बाकी पितळ मी तरी उघडंच ठेवते, माणसागणिक त्याचा रंग वेगळा होतो. लख्ख हवा असेल तर चिंचेने घासून लगेच धुवा, आणि कोरडा करून मगच रिफिल घाला.

घरी केलेल्या लाकडी शाईपेनातली शाई दोन दिवसांत वाळते. टोपण तर घट्ट बसतं. उन्हाळा म्हणून सोडून द्यायचं का?
*(एक शिक्षिका, मंगळवेढा)*

नाही बाई, उन्हाळ्याला दोष देऊ नका. लाकूड सच्छिद्र असतं. टोपण कितीही घट्ट असलं तरी त्याच्या भिंतीतून आणि बंद टोकातून हवा खेळते. टोपणाच्या आत धातूची किंवा ॲक्रिलिकची एका बाजूने बंद असलेली टोपी बसवायची, जिची कड निबच्या मागच्या खांद्यावर नेमकी टेकेल. पाणी भरून, बंद टोक खाली धरून ती गळत नाही ना हे आधी तपासा.

आटेही बघा. लाकडात पाडलेले आटे झिजतात. आट्यांचा भाग ॲक्रिलिकचा किंवा एबोनाइटचा करून जोडावा. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. राजमहेंद्रीचे रत्नम पेन १९३० च्या दशकात स्वदेशीच्या हाकेला प्रतिसाद म्हणून सुरू झाले, ते याच मालाचे. एबोनाइट कापायला गोड, हाताला उबदार, आटे लख्ख पडतात. फक्त उन्हात ठेवू नका, काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो.

टोपण चार-पाच वेढ्यांऐवजी एका वेढ्याच्या आत बसावं असं वाटत असेल तर तीन तोंडांचे, म्हणजे शेजारी-शेजारी सुरू होणारे तीन आटे पाडणारी डाय (बाहेरच्या आट्यांसाठी) आणि टॅप (आतल्या आट्यांसाठी) मिळतात. ०.८ मिमीच्या आट्याला तीन तोंडं दिली की एका वेढ्यात टोपण २.४ मिमी सरकतं. संच महाग आहे. वर्षात दहा-बारा पेन करणार असाल तरच घ्या.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत स्टॉल लावावा का? किंमत काय ठेवू?
*(एक वाचक, होटगी रोड)*

या जानेवारीत नको. तुमच्या पत्रावरून पेन पावसाळ्यानंतर केलेले दिसतात. एक मे महिना आणि एक पावसाळा तुमच्याच खिशात काढू द्या, जे टिकतील तसेच पुढच्या वर्षी करा आणि विका. किंमत माल, सुटे भाग आणि तासांची मजुरी धरून. मजुरी धरायला लाजू नका.

आईच्या बोटांचे सांधे दुखतात. तिला रोज हिशेबाची वही लिहायची सवय आहे. तिच्यासाठी कसा पेन करू?
*(एक वाचक, अक्कलकोट)*

जाड आणि हलका. बाजारातले बहुतेक पेन पकडीशी आठ-दहा मिलिमीटरचे असतात, ते धरायला बोटं जास्त मिटावी लागतात. तेरा-चौदापासून सुरुवात करा. धातू नको, लाकूड किंवा ॲक्रिलिक. पकडीचा भाग आरशासारखा घासू नका, ६०० नंबरच्या कागदावर थांबा, म्हणजे बोट घसरत नाही आणि दाबून धरावं लागत नाही. रिफिल जेलची घ्या, तिला कमी दाब लागतो. क्लिप लावू नका, वजनही वाढतं आणि बोटांत येते.

माप मात्र अंदाजाने ठरवू नका. पेन्सिलीभोवती घट्ट मळलेली कणीक थापा, आईंना ती धरून वहीवर दोन ओळी लिहायला सांगा, त्यांना बरं वाटेपर्यंत कणीक कमी-जास्त करा. ती वाळली की व्हर्निअर लावून तीन ठिकाणी जाडी मोजा: टोकाशी, तर्जनीखाली आणि अंगठ्याच्या बेचक्यात. ही तीन मापं आणि त्या पेन्सिलीचा फोटो मला पाठवा. लाकूड कोणतं घ्यायचं ते त्यानंतर बघू.